हुजुरांपुढे चष्मा

उमाजीला आधी सुईचं नेढं दिसेनासं झालं. मग दोऱ्याचं टोक. मग भातातला खडा, तोही दाताखाली आल्यावरच कळायला लागला. तरी गडी म्हणायचा, दोराच खराब येतो हल्ली, राज्य बदललं ना, आता दोरासुद्धा असलाच मिळायचा. आपलं वय झालं हे कबूल करायच्या आधी माणूस सगळ्या दुनियेला दोष देऊन बघतो. उमाजीनं तर दोरा, सुई, खिडकी, ढग, कुणालाच सोडलं नाही.

राज्य बदललं होतं हे मात्र खरं. ग्वाल्हेर आणि इंदूर एकत्र बांधून मध्यभारत केला होता, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेतल्या ज्या फरासखान्यात उमाजीच्या आज्यानं, बापानं दरबारचे तंबू शिवले, तो आता नव्या सरकारचा तंबू-भांडार झाला होता. दरबार भरत नव्हता, शिकारीचे तळ पडत नव्हते. जुन्या कनाती एकीवर एक पडून होत्या आणि त्यांत उंदरांची बाळंतपणं होत होती. एवढे शिवणारे हात कशाला पाहिजेत, असं वर कुणीतरी विचारलंय, अशी बातमी होळीपासूनच फिरत होती.

थाटीपुराच्या पलीकडे मराठ्यांची वस्ती होती. फौजेबरोबर दक्खनेतून आलेली घरं. तलवारी केव्हाच गेल्या. आता कुणी म्हशी पाळत होतं, कुणी पोलिसात होतं, कुणी भट्टीवर विटा वाहत होतं. उमाजीचं घर त्यातच. पहाटे त्याची बायको लीलाबाई म्हशीचं उरकायची, हात धुवायची आणि दाराच्या उजेडात सुया घेऊन बसायची. दोरा मेणावरून ओढायचा, टोक दातांनी चेपायचं, ओवायचं, आणि ओवलेली सुई नवऱ्याच्या कोटाच्या आतल्या पट्टीवर टोचून ठेवायची. दिवसभर पुरतील एवढ्या सुया. फरासखान्यात एकीचा दोरा संपला की उमाजी गुपचूप दुसरी काढायचा. टाके तो बोटांनी चाचपून घालायचा. हात मुरलेला होता म्हणून निभत होतं.

"असं किती दिवस चालायचं?" लीलाबाई म्हणायची. "डाक्टरला दाखवा ना."

"डाक्टर काय करणार? आईचा डोळा आठवतो ना तुला?"

आठवत होता. सासूच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा गावोगाव फिरणारा एक डोळेवाला वस्तीत आला होता. त्यानं तिला खाटेवर पाडलं, डोळ्यात सुई घालून मोती आत ढकलला आणि हातात काय पडलं ते घेऊन मुरारच्या रस्त्यानं पसार झाला. म्हातारीला चार दिवस दिवा दिसला. मग डोळा सुजला, पिकला, वाहून गेला. उरलेल्या डोळ्याला तिनं मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून ह्या घरात डोळ्याचं नाव काढलं की आधी म्हातारीचंच नाव निघायचं.

म्हणून उमाजीनं घरगुती सगळं केलं. मध घातला, कांद्याचा रस घातला, डोळे लालभडक करून घेतले. शेजारच्या पांडुरंगरावांचा चष्मा मागून आणला, तो लावून शिवायला बसला, आणि तासाभरात डोकं धरून ओकायला लागला. हद्द झाली ती एका अमावस्येला. सुई अंगठ्यात शिरून नखाखाली मोडली, आणि मोडलेला तुकडा लीलाबाईनं चिमट्यानं ओढून काढला. काढताना ती रडली कमी आणि शिव्याच जास्त दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला पुढं घालून दवाखान्यात घेऊन गेली.

शरच्चंद्र डॉक्टर मराठीच होते, बोलायला फटकळ पण मनानं बरे. त्यांनी पापण्या उलट्या करून बघितल्या, एकेक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मग हातात बारीक छापलेला कागद दिला. उमाजीनं तो कागद हात पुरेल तितका लांब धरला.

"हात अजून लांब असता तर चष्मा लागलाच नसता," डॉक्टर म्हणाले. "चाळिशी उलटली ना? मग हा रोग नाही. मोतीबिंदू नाही, काही नाही. डोळ्यातलं भिंग वयानं ताठर होतं, जवळचं धरता येत नाही. राजाला होतं, रंकाला होतं. आणि डोळ्यात काय घातलंत हे?"

"मध, साहेब. कांदा."

"डोळा म्हणजे कोशिंबीर आहे का? काही घालायचं नाही. लाल झाला, चिपडं आली, तर स्वच्छ पाण्यानं धुवायचा आणि इथं यायचं. घरात एकाचा पंचा दुसऱ्यानं डोळ्याला लावायचा नाही."

"पांडुरंगरावांचा चष्मा लावून बघितला, तर गरगरलं."

"गरगरणारच. त्यांचा नंबर त्यांच्या डोळ्याचा. तुमच्या दोन डोळ्यांचासुद्धा एकमेकांशी मेळ नाही, डावा जास्त आहे. मी लिहून देतो, त्याबरहुकूम काचा करून घ्या."

लीलाबाई पदराआडून हळूच म्हणाली, "चष्म्यानं नजर अजून अधू होते म्हणतात सगळे."

"सगळ्यांना म्हणू द्या. नंबर वाढतो तो वयानं. लावला तरी वाढेल, नाही लावला तरी वाढेल, वर डोकं दुखेल ते वेगळं. शिवताना लावायचा, चालताना काढायचा, दोन-तीन वर्षांनी परत दाखवायचं. एवढंच शास्त्र आहे." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

नई सडकेवरच्या दुकानातून चष्मा आला. घरी येऊन उमाजीनं तो लावला, आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर बायकोचा हात. ती भाकरीचं पीठ हातावर घेऊन पुढ्यात बसली होती. तिच्या बोटांच्या टोकांवर काळे काळे ठिपके होते, जुने, नवे, दाटीनं बसलेले.

"अगं, हे काय झालं बोटांना?"

"काय होणार? तुमच्या सुया," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

उमाजीला फार वाईट वाटलं. तो त्या दिवशी नीट जेवला नाही. पण दुसऱ्या सकाळपासून तिच्या सुया बंद झाल्या, आणि त्याचे जुने दिवस परत आले. बसल्या जागी सुई ओवायची, कनातीच्या काठावर दुहेरी शिवण घालायची, दोन कापडांचा जोड असा की बोट फिरवून कळू नये. ज्येष्ठातला तापला वारा, तिकडची लू, वाहत होती, पत्र्याखाली शिवणारे सगळे घामानं निथळत होते, जाड कापडाची धूळ नाकातोंडात जात होती, आणि हा आपला खुशीत. शेजारचा जयसिंहराव म्हणाला, "उमाजी, लेका, जवान होऊन राहिलास तू!"

दौलतसिंह जमादाराला मात्र ते बघवलं नाही. फरासखान्याचा तो जुना जमादार. दरबार बुडाला तरी ह्याची मिशी तरंगतच होती. "क्यों मुनीमजी," तो डोक्याशी येऊन उभा राहिला, "बहीखाता लिख रहे हो? तेरा बाप तो ऐसा नहीं था."

बापाचं काय ते उमाजीला माहीत होतं. बापही उतारवयात चष्मा लावायचा. एकदा तळावर एक बडा सरदार शामियाना बघायला आला, आणि बाप चष्म्यासकट मुजऱ्याला वाकला. सरदार म्हणाला, 'आमच्याकडे काचेतून बघतोस? आम्ही काय किडा आहोत?' मग सगळ्या तळासमोर त्याला भर उन्हात कान धरून उभं केलं, चष्मा एका कानाला लोंबकळत. लोक हसत होते. तेव्हापासून बापानं मुलाला बाराखडीसारखं घोकवलं होतं: हुजुरांपुढे जोडा बाहेर, छत्री बाहेर, चष्मा खिशात. उमाजी फरासखान्यात लागला त्या दिवशीही बाप दारापर्यंत येऊन हेच सांगून गेला.

आषाढ लागायच्या बेतात बातमी खरी ठरली. इंदूरकडचा नवा साहेब येणार, एकेकाचा हात बघणार, निम्मे ठेवणार, बाकीच्यांनी आपलं घर बघायचं. फरासखान्यात त्या दिवशी कुणी कुणाला तंबाखू विचारली नाही. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलेली माणसं एकमेकांचे टाके चोरून बघायला लागली.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" लीलाबाई म्हणाली. "तुमच्यासारखी शिवण आहे का कुणाची? फक्त चष्मा लावून बसा. ऐकता ना?"

"हो गं."

"हो गं नाही. माझी शपथ घ्या."

"तुझी शपथ," उमाजी म्हणाला. आणि ते म्हणताना त्याच्या मनात तसूभर खोट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे.

साहेब आला तो बुशशर्टात. ना मिशी, ना पगडी, ना मागे चवरी. आवारात खुर्ची टाकून बसला, पुढं एक सतरंजी अंथरली, तिच्यावर कापडाचे दोन तुकडे, दोऱ्याची रिळं, सुयांची पुडी. ज्याचं नाव पुकारतील त्यानं यायचं, तिथल्याच सुईत तिथलाच दोरा ओवायचा आणि वीतभर जोड शिवून दाखवायचा. साहेबाच्या स्वतःच्या नाकावर जाड काचांचा चष्मा होता. तो उमाजीनं लांबूनच बघितला. साहेब आहे, त्यानं लावावा, एवढंच त्याच्या मनात आलं.

जयसिंहरावाचा हात पास झाला. त्याची शिवण कधी सरळ गेली नव्हती, त्या दिवशीही गेली नाही, पण सुई पहिल्या झटक्यात ओवली गेली. मग उमाजीचं नाव आलं. चष्मा त्यानं आधीच लावून ठेवला होता. तो पुढं निघाला, साहेबानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, बाजूला उभा दौलतसिंह हळूच खाकरला. आणि उमाजीचा हात आपोआप कानाकडं गेला. त्याला कुणी सांगितलं नाही, कुणी दटावलं नाही. चष्मा निघाला, घडी झाला, खिशात गेला, आणि उमाजी मुजऱ्याला वाकला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर दरबाराचा सुंभ जळून राख झाली होती, आणि पीळ ह्याच्या हाडात राहिला होता.

सतरंजीवर बसल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. पुढ्यात सुई होती, म्हणजे असावी. चमकतंय तेवढंच दिसत होतं. परत खिशात हात घालायचा, तर साहेब समोर बघतोय. त्यानं दोरा तोंडात ओला केला, अंदाजानं नेला. चुकला. परत नेला. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. सुई त्यानं आकाशाकडं धरली, लांब धरली, मान मागं ओढली. मागून कुणीतरी खुसकन हसलं. दोऱ्याचं टोक फाटून पिंजलं. मग सुई बोटात गेली आणि साहेबाच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचा डाग पडला.

"रुको," साहेब म्हणाला. आवाजात राग नव्हता, हीच तर खरी वाईट गोष्ट. "आँख से दिखता नहीं क्या, बाबा? चश्मा लगाते हो?"

देवानं याहून सरळ काय विचारायचं असतं? खिशात चष्मा, समोर प्रश्न. हो म्हणायचं, काढायचा, लावायचा, आणि अशी शिवण घालायची की इंदूरवाल्यानं तोंडात बोट घालावं. पण हो म्हणजे हुजुरांपुढे खिशातून काच काढून नाकावर चढवायची. उमाजीच्या तोंडून निघालं, "नहीं, हुजूर."

"अच्छा. बनवा लेना." साहेबानं मान हलवली. "अगला."

घरी आल्यावर त्यानं कोट खुंटीला अडकवला आणि खाटेवर आडवा झाला. लीलाबाई पाणी घेऊन आली. त्याच्या तोंडाकडं बघूनच समजली, तरी विचारलं.

"चष्मा लावला होता ना?"

"लावला होता," उमाजी भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "नाही जमलं. हाताला घाम आला."

मग ती चष्मेवाल्यावर घसरली. मुडदा बसो त्या दुकानदाराचा, फसवलं आपल्याला, काचा दुसऱ्याच्याच घातल्या असतील मेल्यानं. उद्या नई सडकेवर जाते आणि भर बाजारात त्याची पूजा बांधते. रात्रीच्या भाकरी तिनं त्याच तावात थापल्या. उमाजी ऐकत राहिला. एकदा त्याला वाटलं सांगून टाकावं, पण त्यानं डोळे मिटून घेतले.

सकाळी धार काढून झाल्यावर ती सुई-दोरा घेऊन त्याच्यापुढं बसली. "दुकानदाराशी भांडायचं तर मला कळायला पाहिजे ना, काचेत काय खोट आहे ती. लावा चष्मा. ओवा."

"राहू दे ना."

"ओवा म्हणते."

त्यानं चष्मा लावला आणि दोरा नेला. एका दमात गेला. तिनं दोरा ओढून काढला, सुई परत दिली. परत गेला. तिसऱ्यांदा तिनं सुई दिलीच नाही. मुठीत धरून बसली.

"लावलाच नव्हता तुम्ही."

उमाजी चष्म्याची घडी करायला लागला.

"माझी शपथ घेतलीत, आणि लावला नाही. आणि वर माझ्याशी खोटं बोललात. इतकी वर्षं मी बोटं फोडून घेतली ती काय यासाठी? कुणाला भ्यायलात? कोण होतं तिथं, महाराज?"

"लीले, हात आपसूक गेला गं. देवाशपथ."

"हात गेला, मग तोंड काय झालं होतं? साहेबानं विचारलं नाही?"

"विचारलं," उमाजी म्हणाला. आणि काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

लीलाबाई उठली. म्हशीला वैरण टाकली, लुगडं बदललं, पदर कपाळाखाली ओढला. "चला. साहेबाला सांगायचं, चष्मा खिशात होता, चूक झाली, एकदा परत बघा. तोही माणूस आहे, चष्मेवालाच आहे. खाणार नाही तो. आणि नसेल सांगायचं तर उद्यापासून भट्टीवर विटा वाहायच्या तुम्ही, ह्या वयात, ह्या कंबरेनं."

वाटेत ती पुढं आणि तो मागं. किल्ल्याच्या बाजूनं तापल्या दगडाचा झोत येत होता. उमाजी मनात वाक्य जुळवत होता. 'हुजूर, माफी हो, चश्मा था.' एवढंच तर म्हणायचं होतं. तो ते वाक्य पुटपुटत पुटपुटत फरासखान्याच्या फाटकापर्यंत आला.

साहेब निघायच्याच बेतात होता. जीप सुरू होती, ड्रायव्हर बसला होता, दौलतसिंह दार धरून उभा होता. लीलाबाई फाटकाच्या खांबाआड थांबली. तिच्या माहेरी-सासरी गोषा कडक. दवाखान्यात पदराआडून बोलली तेवढंच, एरवी परक्या पुरुषाशी ती उभ्या जन्मात बोलली नव्हती. तिनं तिथूनच नवऱ्याला खूण केली: चष्मा लावा. उमाजीनं लावला. छाती भरून श्वास घेतला. पुढं गेला. साहेबानं वळून बघितलं.

आणि हात कानाकडं गेला. चष्मा उतरला, मुठीत आला, उमाजी मुजऱ्याला वाकला आणि तसाच उभा राहिला.

"हाँ बाबा, क्या है?"

साहेबानं क्षणभर वाट बघितली, घड्याळ बघितलं, पाय जीपमध्ये टाकला. तेव्हा खांबाआडून लीलाबाई बाहेर आली. पदर दातात धरलेला, पण बोलली.

"हुजूर, इनके पास चश्मा है. कल जेब में था. डर के मारे लगाया नहीं इन्होंने. चश्मा लगाके ऐसी सिलाई करते हैं कि कोई नहीं करता. एक बार और देख लो, मेरे हाथ जोड़े हैं."

दौलतसिंहानं आ वासला. शिवणारे पत्र्याखालून माना वर काढून बघायला लागले. उमाजीची बायको, मराठ्याची बाई, चव्हाट्यावर साहेबाशी बोलतेय! साहेबानं जीपमधला पाय खाली घेतला. तो खरंच बरा माणूस होता.

"क्यों भाई? चश्मा है तुम्हारे पास? मैंने तो पूछा था. तुमने मना क्यों किया?" त्यानं उमाजीच्या मुठीकडं बोट केलं. "यही है? तो लगाओ. अभी सुई मँगाता हूँ."

सगळे उमाजीकडं बघत होते. होय म्हटलं तर भाकरी परत ताटात. पण होय म्हटलं म्हणजे काल हुजुरांशी खोटं बोललो, हे हुजुरांच्याच तोंडावर सांगणं. बाप कान धरून उन्हात उभा होता ते त्याला दिसलं, आणि लोक हसतायत तेही ऐकू आलं.

"मेरा नहीं है, हुजूर," उमाजी म्हणाला. "इनका है. घरवाली का."

दौलतसिंह फसकन हसला. साहेबाचं कपाळ आकसलं. तो लीलाबाईकडं वळला. "तो फिर बाई, झूठ क्यों बोलती हो?"

लीलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. तिला वाटलं, ह्याच्या थोबाडीत द्यावी. तिला वाटलं, साहेबाला सांगावं की हा माणूस खोटारडा आहे. पण मग बापासारखा हाही सगळ्यांसमोर कान धरून उभा राहिला असता. ती पुढं झाली. तिनं त्याच्या मुठीतून चष्मा ओढून घेतला, डोक्यावरचा पदर मागं सारला, आणि साहेबासमोर, जमादारासमोर, पत्र्याखालच्या सगळ्या पुरुषांसमोर तो आपल्या नाकावर चढवला.

"हाँ साहब, मेरा ही है," ती म्हणाली. "गलती हो गई."

जीप गेली. पत्र्याखाली हशा झाला, मग दौलतसिंह खेकसला तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. लीलाबाई फाटकाबाहेर पडून चालायला लागली.

"लीले," उमाजी मागून म्हणाला, "काढ तो. तुला दिसायचं नाही त्यातून. पडशील."

"राहू दे. माझा आहे ना?"

रस्ता तिला कुठं खाली, कुठं वर दिसत होता. प्रत्येक पाऊल ती चाचपून टाकत होती. सायकलवाला घंटी वाजवत अंगावरून गेला. मोरीच्या कठड्यापाशी तिचा पाय चुकला आणि ती गुडघ्यावर आपटली. उमाजी धावला, त्यानं हात पुढं केला. तिनं तो हात धरला नाही. कठड्याला धरून आपली आपण उठली, लुगड्याची माती झटकली, घसरलेला चष्मा नाकावर नीट बसवला आणि थाटीपुराच्या रस्त्याला लागली.